गोळी घेतली, पण उलटी झाली

प्रश्न : शनिवारी रात्री निरोध फाटला. पाळीचा बारावा दिवस होता, माझी पाळी २८ दिवसांनी येते. गावातला मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून सोमवारी बेळगावात दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची तातडीची गोळी घेतली. परतताना तासाभरात बसमध्ये उलटी झाली. चार दिवसांनी थोडं रक्त गेलं. पाळी आली असं समजू का?
— खानापूर तालुका

उत्तर : समजू नका. गोळीनंतर काही दिवसांत असं डाग लागणं नेहमीचं आहे, ती पाळी नव्हे. संबंधाला २१ दिवस झाले की मेडिकलमधून तपासणीचं कार्ड आणून सकाळच्या पहिल्या लघवीवर बघा. दुसरी रेघ फिकट असली तरी दिवस गेलेत असंच धरून डॉक्टरांकडे जा. एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखलं तर थांबूच नका.

तुमचे दिवस जोखमीचेच होते. २८ दिवसांच्या चक्रात स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं आणि शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगतात. गोळीतलं १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल बीज सुटणं लांबवतं. एकदा सुटलं की त्याचा उपयोग नाही, आणि राहिलेला गर्भ त्याने पडतही नाही. त्यामुळे पाकिटावर ७२ तास लिहिलेले असले तरी रविवार वाया घालवायला नको होता. लाजेपायी असे तास फार जातात. चिठ्ठी लागत नाही, आशाताईंकडेही विचारा.

दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी लगेच घ्यायची असते. बस लागत असेल तर गोळी घरी घेऊन दोन तासांनीच निघावं. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर हिचा असर कमी होतो. तेव्हा पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं जास्त खात्रीचं. एरवीही तीच सगळ्यात भरवशाची.

मेडिकलमध्ये ‘पाळी यायची गोळी’ असं मोघम मागू नका, भलतंच औषध हातात पडेल. आणि गोळी घेतल्यावर पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापराच, कारण लांबलेलं बीज नंतर सुटतं.

प्रश्न : महिन्यात दोनतीनदा ही गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही का?
— निपाणी

उत्तर : होतं. पण पाळी पुढंमागं होते आणि रोजच्या गोळ्यांइतकी खात्रीही मिळत नाही. इतक्यांदा लागत असेल तर सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांच्या ‘अंतरा’ इंजेक्शनबद्दल विचारा.