राजकीय विश्लेषक म्हणून 2024 या वर्षात तुमचं नेमकं काय चुकलं?

मी ठाण्यात राहतो, राजकारणावर लिहितो, अधूनमधून वाहिन्यांवर चर्चेलाही बसतो. त्यामुळे जे चुकलं ते चारचौघांत चुकलं. विधानसभेनंतर सरकार बदलणार असं मी सांगून टाकलं होतं, 'बहुधा'सुद्धा न जोडता.

घोळाची सुरुवात 4 जूनलाच झाली. लोकसभेत महाविकास आघाडी 30, महायुती 17. मी हे आकडे धरून बसलो. मतांची टक्केवारी मात्र दोन्हीकडे जवळपास सारखी होती, फरक टक्काभराचाही नव्हता. आणि माझ्या दारात, ठाण्यात, महायुतीकडून उभ्या शिंदे गटाच्या नरेश म्हस्के यांनी आघाडीच्या राजन विचारे यांना दोन लाखांहून जास्त मतांनी पाडलं. ते मी 'शिंदेंचं घरच आहे, इथलं सोडा' म्हणून बाजूला सारलं.

मग आली लाडकी बहीण, म्हणजे महिलांच्या खात्यात महिना 1500 टाकणारी सरकारी योजना. जूनअखेरीच्या अर्थसंकल्पात घोषणा झाली तेव्हा मी चर्चेत तिजोरीवरच्या बोजाबद्दल तावातावाने बोललो. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी त्याच आठवड्यात दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊनच: आधार, पासबुक, केशरी रेशनकार्ड. ते कार्ड असलं की उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. खात्याला आधार जोडलेलं नव्हतं म्हणून बँकेत आणखी एक सकाळ गेली. ऑगस्टमध्ये लाटता लाटता मोबाइल वाजला. पिठाच्या हाताने तो माझ्यापुढे धरला. "काका, बघा जरा, आले का?" 3000 आले होते, दोन महिन्यांचे एकदम.

आघाडीनेही पुढे महिना 3000 कबूल केले. मी मावशींना विचारलं, ते जास्त नाहीत का? "ते द्यायचे तेव्हा देतील. हे आलेत ना." मतदानापर्यंत पाच हप्ते, म्हणजे 7500, जमा झाले होते. एवढं ऐकूनही मी लेखात लिहिलं ते पक्षफुटीचा राग, सोयाबीनचा भाव आणि मराठा आरक्षण. खोटं त्यातलं काहीच नव्हतं, पण स्वयंपाकघरातलं मी लेखात घेतलंच नाही. जरा हलकं वाटलं असणार मला ते.

23 नोव्हेंबरला एकट्या भाजपला 132 जागा मिळाल्या. आघाडीच्या तिन्ही मोठ्या पक्षांची बेरीज पन्नाशीलाही पोचली नाही. (बेलापूरबद्दल मात्र मला कुणी दोष देऊ नये. भाजपच्या मंदा म्हात्रे चारशेच्याही आत मतांनी निसटत्या जिंकल्या. समोर आघाडीचे संदीप नाईक, आणि त्यांचे वडील गणेश नाईक शेजारच्या ऐरोलीत भाजपकडूनच उभे! असलं गणित ज्याला आधी सुटलं असेल त्याला माझा दंडवत.)

5 डिसेंबरला आझाद मैदानावर फडणवीसांचा शपथविधी झाला, शिंदे उपमुख्यमंत्री झाले. आमच्या नाक्यावर त्या संध्याकाळी नेहमीचे फटाके जरा दमानेच वाजले.

जानेवारीत मावशींनी विचारलं, "काका, निवडून आले की 1500 चे 2100 करणार होते ना, कधीपासून?" मी म्हटलं, अर्थसंकल्प मार्चमध्ये आहे.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," म्हणाल्या, आणि कणीक मळायला घेतली.