ब्रेक्झिटचं भिजत घोंगडं आणि मुलाचं ॲडमिशन

प्रश्न (एप्रिल 2019): माझा मुलगा बी.ई. मेकॅनिकल आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत दीड वर्ष नोकरी करतोय, पगार 28,000. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या एका विद्यापीठात ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंगच्या एम.एस्सी.ला सप्टेंबरचं ॲडमिशन मिळालंय. साताऱ्याचं घर तारण ठेवून 25 लाखांचं कर्ज काढायचं ठरलं होतं. पण टीव्हीवर रोज ब्रेक्झिटचा गोंधळ बघतो आणि धीर होत नाही. मुलगा म्हणतो, जग्वार लँड रोव्हर टाटांचीच आहे, तिथे लागेन. पाठवावं का?
— एक पालक, सातारा

उत्तर (एप्रिल 2019): नमस्कार.

टीव्हीवरचा गोंधळ खरा आहे आणि तो इतक्यात मिटेल असं मला वाटत नाही. जून 2016 च्या सार्वमतात ब्रिटनचे 51.9 टक्के मतदार युरोपीय संघ (युरोपातल्या देशांचा व्यापारी संघ) सोडा म्हणाले, हेच ब्रेक्झिट. सोडा म्हणाले खरे, पण कसं सोडायचं यावर तिथल्या संसदेचं एकमत होईना. पंतप्रधान थेरेसा मे यांनी 2017 मध्ये हौसेने निवडणूक घेतली आणि असलेलं बहुमत घालवून बसल्या. तेव्हापासून सरकार उत्तर आयर्लंडमधल्या एका छोट्या पक्षाच्या 10 खासदारांच्या टेकूवर उभं आहे, आणि मे यांनी संघाशी ठरवलेल्या बाहेर पडण्याच्या कराराला सर्वांत कडवा विरोध याच पक्षाचा, कारण आयर्लंडच्या सीमेबद्दलची त्यातली तरतूद त्यांना मान्य नाही. करार जानेवारीत 230 मतांनी पडला, मार्चमध्ये 149 नी, मग पुन्हा 58 नी. दरम्यान मार्चमध्येच खासदारांनी आठ पर्याय मतदानाला टाकले आणि आठही पाडले. बाहेर पडायची तारीख होती 29 मार्च. ती 12 एप्रिल झाली, आता 31 ऑक्टोबर. म्हणजे मुलगा सप्टेंबरमध्ये गेला तर पहिल्याच सत्रात हा तमाशा पुन्हा रंगणार.

पण तुम्हाला ज्याची धास्ती वाटतेय, त्यातला बराच भाग तुमच्या मुलाला लागूच नाही. तो युरोपीय संघाचा नागरिक नाही. ब्रेक्झिट होवो न होवो, त्याला टियर 4 चा विद्यार्थी व्हिसाच लागणार आणि परदेशी विद्यार्थ्याचीच फी भरावी लागणार. टांगणीला लागलेत ते वर्गातले पोलंड-फ्रान्सचे विद्यार्थी. आपल्या पोरांना ते दार कधी उघडंच नव्हतं, त्यामुळे बंद होण्याची भीतीही नाही. पदवीची किंमतही यामुळे कमी होत नाही.

खरी अडचण शिक्षण संपल्यानंतरची आहे आणि ती ब्रेक्झिटच्या आधीपासूनची आहे. शिकून झाल्यावर दोन वर्षं राहून काम करता येईल असा व्हिसा ब्रिटनने 2012 मध्येच बंद केला. तेव्हा गृहमंत्री कोण होत्या? याच थेरेसा मे. आज, म्हणजे 2019 मध्ये, एम.एस्सी. संपल्यावर नोकरी शोधायला जेमतेम चार महिने मिळतात. मार्चमध्ये सरकारने ही मुदत सहा महिने करण्याचं जाहीर केलंय, पण जाहीर होणं वेगळं आणि नियमात येणं वेगळं. त्या मुदतीत अशी कंपनी गाठायची, जिच्याकडे परदेशी माणसाला प्रायोजित करण्याचा परवाना आहे आणि जी सरकारने ठरवलेला किमान पगार देईल.

आता टाटांचं. मालक मुंबईचे म्हणून तिथल्या व्हिसाचे नियम आपल्यासाठी सैल होत नाहीत. शिवाय कंपनीनेच जानेवारीत 4,500 नोकऱ्या कमी करणार असल्याचं जाहीर केलं. होंडा 2021 मध्ये स्विंडनचा कारखाना बंद करतेय, तिथले 3,500 जण घरी बसतील. निसानने इंग्लंडमध्ये सुंदरलँडला होणारी एक्स-ट्रेल ही गाडी जपानमध्येच ठेवली. या सगळ्याचं खापर ब्रेक्झिटवर फोडणं मात्र बरोबर नाही. डिझेलची पडलेली मागणी, चीनमधली मंदी, इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळण्याचा खर्च हेही त्यात आहे, आणि होंडाने तर कारण ब्रेक्झिट नाही असंच सांगितलं.

तरी मुलाला या धंद्यात पडायचंय, तर युरोपीय संघ कारखान्याच्या आत कसा काम करतो ते त्याने समजून घ्यावं. ऑक्सफर्डला मिनी गाडी बनते. तिचा क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरता दांडा) ओतला जातो फ्रान्समध्ये. मशीनिंगला तो वॉरिकशरला येतो, इंजिनात बसायला म्युनिकला जातो आणि इंजिनासकट गाडीत बसायला पुन्हा ऑक्सफर्डला परततो. एक भाग तीनदा समुद्र ओलांडतो, पण ना जकात ना कस्टमची तपासणी. करार न करता बाहेर पडले तर तयार गाडीवर 10 टक्के जकात लागेल, आणि त्याहून वाईट म्हणजे बंदरावर ट्रक अडकतील. चाकणला माल दोन तास उशिरा आला तर लाईनवर काय आरडाओरडा होतो, हे मुलगा तुम्हाला सांगेल. या भीतीने मिनीने आपली उन्हाळी सुट्टी ओढून एप्रिलमध्ये आणली, जग्वारनेही याच महिन्यात एक आठवडा काम बंद ठेवलं. आणि तारीखच पुढे गेली! सुट्टी फुकट. अशा हवेत फ्रेशर, तोही व्हिसाची कटकट असलेला, कोण घेईल, याचा विचार करा.

पौंडाचंही बघू. सार्वमताआधी तो शंभर रुपयांच्या आसपास होता, आता नव्वदीत आहे. फी आणि राहणं मिळून 30,000 पौंड धरले तर पौंड एक रुपयाने हलला की तुमचे 30,000 रुपये इकडचे तिकडे होतात. उद्या पौंड आणखी पडला तर फी स्वस्त पडेल, म्हणून एजंट खूश असतात. पण नोकरी तिथेच लागली तर पगारही त्याच पडलेल्या पौंडात येईल आणि हप्ता मात्र साताऱ्यात रुपयांत जाईल, हे ते सांगत नाहीत.

हप्त्याचा आकडा तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, म्हणून मीच काढला. 25 लाख, 11 टक्के, दहा वर्षं: महिन्याला साधारण 34,400 रुपये. शिकण्याच्या काळातलं व्याज वेगळं. आज मुलाचा पगार 28,000 आहे. तो परत आला आणि चाकणलाच 45,000 वर लागला, तर हे घर सुटेल का? मे यांचं काय होईल यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे आणि याचं उत्तर आज 'नाही' असं आहे.

म्हणून माझं मत: ॲडमिशन रद्द करू नका, एक वर्ष पुढे ढकलून घ्या. बरीच ब्रिटिश विद्यापीठं तशी मुभा देतात. हे वर्ष चाकणला बसून काढायचं नाही. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 (गाड्यांच्या धुराचे नवे कडक निकष) लागू होतंय, पुणे-चाकण पट्ट्यात सध्या इंजिन कॅलिब्रेशन आणि उत्सर्जन चाचणीची धावपळ चालू आहे. त्याने आपल्या कंपनीत किंवा दुसरीकडे त्या कामात शिरावं. त्या अनुभवावर मागितलेला पगार आणि आजचा पगार यांत फरक असेल.

शनिवार-रविवारी पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मन सुरू करावं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सत्राला 1,500 युरो आहे), आणि पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. मेकॅनिकलच्या मुलासाठी मी ब्रेक्झिट नसतं तरी आधी तिकडेच बघायला सांगितलं असतं. इंग्रजीतच शिकायचं असेल तर आयर्लंड आहे, तिथे मास्टर्सनंतर दोन वर्षं राहता येतं. पण गाड्यांचे कारखाने तिथे नाहीत आणि ब्रेक्झिटचा फटका ब्रिटनखालोखाल त्यांनाच बसेल असं बोललं जातं.

मुलगा हट्टालाच पेटला, याच वर्षी जायचं म्हणाला, तर निदान कर्ज 15 लाखांच्या आत बसेल अशी शिष्यवृत्ती किंवा स्वस्त विद्यापीठ शोधा. व्हिसासाठी 2019 च्या नियमाप्रमाणे लंडनबाहेर महिन्याला 1,015 पौंडप्रमाणे नऊ महिन्यांचा खर्च दाखवावा लागतो आणि बचत दाखवणार असाल तर ती रक्कम खात्यात सलग 28 दिवस हलता कामा नये. भाऊबंदांकडून दोन दिवसांसाठी आणून ठेवलेले पैसे तिथे चालत नाहीत.

या आठवड्यात विद्यापीठाला ई-मेल करा. दोनच गोष्टी विचारा: प्रवेश सप्टेंबर 2020 वर नेता येईल का, आणि भरलेली अनामत तेव्हा वळती होईल का, की पुढच्या वर्षीची वाढीव फी लागेल. उत्तर लेखी घ्या, एजंटच्या फोनवर विसंबू नका. ते हातात येईपर्यंत घराची कागदपत्रं बँकेत देऊ नका.