नव्याने रुजू झालेल्या बांधकाम निरीक्षकासाठी

लातूर असो की नांदेड, महापालिकेत रुजू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत सगळा कायदा तोंडपाठ असण्याची गरज नाही. मोजक्या गोष्टी पक्क्या असल्या की काम नीट सुरू होते, आणि ते तुम्हाला नक्की जमेल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बांधकाम जोत्यापर्यंत आले असतानाच जागेवर जा. मंजूर नकाशा हातात ठेवून, टेपचे एक टोक प्लॉटच्या हद्दीवर आणि दुसरे जोत्याच्या बाहेरच्या कडेला लावून सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) स्वतः मोजा, कारण या टप्प्यावरची हातभर चूक मालक बहुधा मुकाट्याने दुरुस्त करतो, पण स्लॅब टाकून झाल्यावर तेच प्रकरण न्यायालयात जाते.

नोटिशीत नवीन माणसे हमखास चुकतात. ‘अनधिकृत बांधकाम’ एवढेच लिहून भागत नाही. कोणता मजला, कोणती बाजू, किती लांबी-रुंदी हे स्पष्ट लिहा, आणि कोणी नोटीस घेत नसेल तर ती पंचांसमक्ष दारावर चिकटवून तारखेसह छायाचित्र घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्देशांनुसार पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागांवरील बांधकामे याला अपवाद आहेत.

आपल्याकडे, विशेषतः छत्रपती संभाजीनगरात, गुंठेवारीच्या, म्हणजे जमिनीचे विनापरवाना छोटे तुकडे पाडून वसलेल्या, वसाहती भरपूर आहेत. तेथे नोटीस काढण्याआधी २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली नियमितीकरणाचा अर्ज प्रलंबित आहे का, ते पाहा.

कलमांचे बारकावे सध्या वरिष्ठांवर सोडा. पंचनामा मात्र जागेवरच पूर्ण करून सह्या घ्या. कार्यालयात येऊन आठवणीने लिहिलेला पंचनामा उलटतपासणीत टिकत नाही.