वडिलांच्या कपाटातले मॅक्लीन : रद्दीत द्यावेत की ठेवावेत?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या कपाटात ॲलिस्टर मॅक्लीन या इंग्रजी थरारकादंबरीकाराची वीस-बावीस पुस्तकं निघाली, आता ही कोणी वाचतं का, की किलोवर देऊन टाकावीत. सरसकट देऊ नका. पण सगळीच ठेवण्यासारखीही नाहीत.

वाचक आहेत, फक्त ते आता दिसत नाहीत. एके काळी ट्रेनमध्ये चार माणसांमागे एकाच्या हातात मॅक्लीन, नाहीतर त्याच पठडीतला डेझमंड बॅग्ली असायचा. त्या दृश्याची सवय असल्यामुळे आपल्याला वाटतं, संपलं सगळं. मॅक्लीन 1987 साली गेला, तरी त्याच्या कादंबऱ्या अजून छापल्या जातात, ई-बुक आणि ऑडिओतही मिळतात. बॅग्ली तर 1983 साली गेला आणि त्याच्या कागदपत्रांत सापडलेली ‘डॉमिनो आयलंड’ 2019 साली प्रसिद्ध झाली. गिऱ्हाईक नसताना कुठला प्रकाशक छत्तीस वर्षांनी हस्तलिखित झटकायला जातो? मराठीतही अशोक पाध्ये यांनी केलेले मॅक्लीनचे अनुवाद मेहता पब्लिशिंग हाऊसने काढले. माझ्या वाचनालयातल्या त्या प्रतींची अवस्था बघितली की कळतं, पुस्तकं कपाटात बसून नाहीत.

आता कोणती टिकली आणि कोणती नाही, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. शीतयुद्धातलं राजकारण शिळं झालं. टिकलं ते हवामान आणि काम. ‘एच.एम.एस. युलिसिस’ (1955) घ्या. मॅक्लीन स्वतः दुसऱ्या महायुद्धात रॉयल नेव्हीत होता, ‘रॉयलिस्ट’ या क्रूझरवर. रशियाकडे रसद नेणाऱ्या काफिल्यांबरोबर आर्क्टिकमध्ये जाऊन आलेला. युद्धानंतर ग्लासगोजवळ शाळामास्तर झाला, 1954 साली ‘ग्लासगो हेराल्ड’च्या कथास्पर्धेत शंभर पौंडांचं बक्षीस मिळालं, आणि त्यावरून प्रकाशकाने त्याला कादंबरी लिहायला लावलं. ती कादंबरी म्हणजेच ‘युलिसिस’. डेकवर बर्फ साचून जहाज वरून जड होतं आणि माणसं ते फोडत बसतात, हे वर्णन मी मे महिन्यात, पंख्याखाली घाम पुसत वाचलंय आणि तरी कुडकुडलोय. यात खलनायक म्हणजे थंडी आणि न मिळालेली झोप. ते जुनं कसं होणार?

‘नाइट विदाउट एंड’ (1959) मी भाचीला दिली, वय एकोणीस. ग्रीनलंडच्या बर्फावर विमान उतरतं, तिथल्या संशोधन तळावरचा रेडिओ फुटतो, आणि प्रवाशांपैकीच कुणीतरी खुनी. मला धास्ती होती की ती म्हणेल, “मामा, सॅटेलाइट फोन का नाही लावला?” पण दोन रात्रींत संपवून परत दिली. तक्रार वेगळीच होती, “यातल्या बायकांना काही कामच का नाही?” बरोबर आहे तिचं. मॅक्लीनला बायका लिहिताच यायच्या नाहीत, निदान मला तरी तसं वाटतं. ‘गन्स ऑफ नॅव्हारोन’च्या कादंबरीत शत्रूच्या तोफा उडवण्याच्या मोहिमेला मदत करणारे ग्रीक म्हणजे लुकी आणि पनायिस, दोघेही पुरुष. 1961 च्या चित्रपटात त्यांच्या जागी मारिया आणि ॲना आल्या. तरीही वाचायला बसाल तर कादंबरीच वाचा. रात्री, पावसात, दोराने कडा चढण्याचं प्रकरण पडद्यापेक्षा कागदावर जास्त जीवघेणं आहे.

सत्तरीच्या दशकानंतरचा मॅक्लीन मात्र थकलेला आहे. संवाद लांबट, माणसं पुठ्ठ्याची. ती पुस्तकं लोक विसरले यात लोकांचा दोष नाही. आणखी एक बघा. काही पुस्तकांवर त्याचं नाव मोठ्ठं आणि खाली बारीक अक्षरात दुसऱ्याच लेखकाचं नाव असतं. ती त्याच्या आराखड्यांवरून इतरांनी लिहिलेली. ती खुशाल रद्दीत जाऊ देत.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक या रहस्यकथाकारांचंही थोडंफार असंच झालं. फरक एवढाच की त्यांच्या जुन्या प्रती शोधायला जुन्या वाचनालयांचे माळे धुंडाळावे लागतात आणि मॅक्लीन फुटपाथवरही सापडतो. त्यामुळे तुमच्या पुस्तकांना मोठी किंमत येईल असं समजू नका. मुंबईत फोर्टात किंवा माटुंग्याला जुनी पुस्तकं विकणारे ढिगाने घेतील, भाव मात्र ढिगाचाच देतील.

तुम्ही आधी नुसती पानं चाळा. त्या काळचे लोक आत तिकीट, पावती, काहीबाही खूण म्हणून ठेवत, वडिलांचंही काहीतरी निघेल. मग ‘नॅव्हारोन’पासून सुरुवात करा, पहिली काही पानं नेटाने वाचून काढा. आणि ‘युलिसिस’ निघाली तर कुणाला उसनी देऊ नका. माझी 1998 साली गेलेली अजून परत आलेली नाही.