जुन्या इलेक्ट्रिक पियानोची प्रतिकृती लिहू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

वुर्लिट्झर २००ए या इलेक्ट्रिक पियानोची सॉफ्टवेअर प्रतिकृती तयार करून ती ओपन सोर्स ठेवण्याचा तुझा आराखडा मी लक्षपूर्वक वाचला. वाद्याची निवड मला पसंत आहे. मात्र पडद्यावर दिसणाऱ्या बटणांचे वर्णन त्यात पानेच्या पाने आहे आणि पिकअपचा, म्हणजे कंपनाचे विजेच्या संदेशात रूपांतर करणाऱ्या भागाचा, उल्लेख ओझरता. हे प्रमाण तू आधी उलटे करावेस.

एकच मॉडेल धरून राहण्याचा तुझा निश्चय योग्य आहे. या कंपनीच्या १९५० च्या दशकातील पियानोंमध्ये व्हॅक्यूम ट्यूबचे अॅम्प्लिफायर होते, तर १९७४ मध्ये आलेल्या २००ए मध्ये ट्रान्झिस्टर आहेत. त्यामुळे अमेरिकन गायक-पियानोवादक रे चार्ल्स यांच्या १९५९ च्या ध्वनिमुद्रणाशी कानाने जुळवून घेत तू आकडे बदलत गेलीस, तर नकळत दुसऱ्याच वाद्याची नक्कल करशील.

आता मुख्य विषयाकडे येतो. या वाद्यात तारा नसतात. फेल्टची हातोडी पोलादाच्या एका पट्टीवर खालून आघात करते आणि पट्टी एका टोकाला घट्ट बसवलेली असल्यामुळे दुसरे टोक थरथरते. त्या मोकळ्या टोकावर डाखाचा थेंब असतो. तो कानशीने कमी केला की स्वर चढतो आणि वाढवला की उतरतो. पेटीचे सूर लावणारा कारागीर पट्टी टोकाकडे घासून स्वर चढवतो, त्यामागील तत्त्व हेच आहे. एका टोकाला जखडलेल्या एकसारख्या जाडीच्या पट्टीची दुसरी आणि तिसरी कंपनसंख्या मूळ कंपनसंख्येच्या अनुक्रमे सुमारे ६.२७ आणि १७.५५ पट असते, आणि टोकावरील वजनामुळे ही गुणोत्तरे आणखी बदलतात. म्हणजे पट्टी स्वतः दुप्पट, तिप्पट असे सुरेल उपस्वर जवळपास देतच नाही. असे असूनही वाद्यातून ते ऐकू येतात, कारण ते पिकअपमध्ये जन्माला येतात.

पट्टी आणि तिच्याभोवतीची धातूची पाटी यांचा मिळून एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) होतो आणि त्यांच्यामध्ये सुमारे १५० व्होल्टचा स्थिर दाब दिलेला असतो. पट्टी हलली की कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, बदलतो, पण तो पट्टीच्या विस्थापनाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, शिवाय वरच्या आणि खालच्या हालचालीला तो सारखा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे साधे कंपनही बाहेर पडताना वाकडे होते आणि दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर ठळक होतो. हळू वाजवले असता घंटेसारखा गोड वाटणारा स्वर जोरात वाजवल्यावर खरखरीत होतो, याचे मोठे कारण इथे आहे. पिकअपचे हे वागणे नीट लिहिलेस, तर आघाताच्या जोरानुसार स्वराचा पोत आपोआप बदलेल आणि त्यासाठी निराळे कोष्टक लागणार नाही. पिकअप आणि त्याच्यापुढील रोध मिळून एक हाय-पास फिल्टरही (खालच्या कंपनसंख्या दाबणारी गाळणी) होतो, हे विसरू नकोस; खर्जातील स्वरांत मूळ स्वर क्षीण आणि उपस्वर पुढे येण्यास त्याचाही हातभार लागतो.

रचनेत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की ठेव. पिकअपची वक्रता, म्हणजे सरळ प्रमाणात न बदलण्याचे वर सांगितलेले वागणे, प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्रपणे लागू करावी लागते, परंतु प्रीअॅम्प्लिफायर (पिकअपचा क्षीण संदेश वाढवणारा परिपथ) सर्व स्वरांची बेरीज झाल्यानंतर एकदाच येतो. त्याची विकृती तू प्रत्येक स्वराला वेगवेगळी लावलीस, तर एकेक स्वर ऐकताना सर्व ठीक वाटेल, पण तीन-चार स्वर एकत्र दाबल्यावर त्यांचा एकमेकांशी होणारा मिलाफ नाहीसा होईल. ट्रेमोलोच्या, म्हणजे आवाज लयीत कमी-जास्त करण्याच्या, परिपथात दिवा आणि प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक असतो. तो उजेडाला चटकन आणि अंधाराला सावकाश प्रतिसाद देतो, म्हणून तिथे केवळ साइन तरंग वापरून काम भागणार नाही.

संगणकाच्या बाजूचे दोष तुला अभ्यासक्रमात शिकवले गेले असतील, तेव्हा एकाच गोष्टीवर भर देतो. या पियानोच्या ६४ पट्ट्यांपैकी शेवटचा स्वर सुमारे २०९३ हर्ट्झचा आहे. ध्वनीचे सेकंदाला ४८००० नमुने घेत असताना त्याचा बारावा उपस्वर नमुनादराच्या निम्मी, म्हणजे २४००० हर्ट्झची मर्यादा ओलांडतो आणि उलटून सुमारे २२८८४ हर्ट्झवर येतो. त्यापुढचे उपस्वर आणखी खाली, थेट कानाच्या टप्प्यात उतरतात आणि तिथे त्यांचा मूळ स्वराशी काहीही संबंध उरत नाही. म्हणून वक्रतेचे गणित दुप्पट किंवा चौपट नमुनादराने करून नंतर गाळणी लावावी. ध्वनी तयार करणाऱ्या धाग्यात (थ्रेडमध्ये) नवी मेमरी मागू नये, हा नियमही कसोशीने पाळ, कारण त्यात वेळ जातो आणि ६४ नमुन्यांच्या तुकड्यासाठी तुझ्याजवळ जेमतेम १.३३ मिलिसेकंद असतात.

ज्यासाठी हे पत्र लिहिण्यास बसलो, ते आता सांगतो. पेरी कुक आणि गॅरी स्कॅव्होन यांच्या सिंथेसिस टूलकिट या ध्वनिनिर्मितीच्या आज्ञावलींच्या संचात वुर्लिट्झरचा एक छोटा नमुना आहे, तो अवश्य वाच. तो फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनवर (एका तरंगाने दुसऱ्याची कंपनसंख्या बदलून स्वर बनवण्याच्या पद्धतीवर) आधारलेला आहे आणि त्याची आज्ञावली कोणालाही पाहता येते. तरीही त्यातील गुणोत्तरे पाहून पट्टीची जाडी किंवा पिकअपमधील अंतर कळणार नाही, कारण ते आकडे वाद्याचे नसून ऐकू येणाऱ्या परिणामाचे आहेत. त्या पद्धतीत हा दोष ठरत नाही; वाद्याच्या प्रत्यक्ष रचनेवरून स्वर घडवणाऱ्या तुझ्या पद्धतीत तो ठरेल. तुझ्या आज्ञावलीतील प्रत्येक स्थिरांकाशेजारी तो परिपथाच्या आराखड्यातून घेतला, मोजला, गणिताने काढला की केवळ कानाला बरा वाटला म्हणून ठेवला, हे लिहिलेले असावे. कानाने ठरवलेले आकडे असण्यात गैर काही नाही; ते मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत गुपचूप उभे राहिले की पुढच्या माणसाला काय बदलावे हे कळत नाही, आणि मग परवाना कितीही उदार असला तरी आज्ञावली व्यवहारात बंदच राहते.

प्रीअॅम्प्लिफायरसाठी तोच परिपथ एनजीस्पाइस या परिपथांचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मांडून त्याचे उत्तर आणि तुझ्या आज्ञावलीचे उत्तर यांची तुलना करणारी चाचणी लिही व ती प्रत्येक बदलानंतर आपोआप चालू दे. खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रण मिळाले, तर त्यातील कपॅसिटर मूळचे आहेत की बदललेले आणि पट्ट्या कोणी बनवलेल्या आहेत, याची नोंद सोबत ठेव; इतक्या जुन्या वाद्यांपैकी दोन सारखी वाजत नाहीत. वाद्य मात्र स्वतः उघडू नकोस. आतला विजेचा दाब धोकादायक आहे, ते काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घे.

परवान्याबाबत माझा कल जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीकडे आहे, कारण सुधारणा करून वाटणाऱ्याने त्या उघड्या ठेवाव्यात, असे मला वाटते. तुला कमी अटींचा एमआयटी परवाना अधिक सोयीचा वाटला तर मी वाद घालणार नाही. प्लगिनसाठी (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या भागासाठी) क्लॅप आणि एलव्ही२ ही दोन्ही स्वरूपे मुक्त परवान्याची आहेत, तिथून सुरुवात कर. नावात मूळ कंपनीचे व्यापारचिन्ह वापरू नकोस आणि सर्व्हिस मॅन्युअलची पाने प्रकल्पात ठेवू नकोस.

पुढच्या पत्रासोबत पडद्याचे चित्र नको. मधल्या सप्तकातील एकच स्वर, पाच वेगवेगळ्या जोरांनी वाजवलेला, आणि प्रत्येकातील पहिल्या आठ उपस्वरांची पातळी, एवढेच पाठव. अॅम्प्लिफायर तोवर जोडू नकोस, म्हणजे पिकअप एकटा काय करतो ते आपल्या दोघांनाही तपासता येईल.

कळावे,
तुझा हितचिंतक