नदीत पाणी नसलेलं आपलं गाव

प्रिय पिल्लू,

परवा झोपताना तू विचारलंस, "आई, तुझा जन्म पुण्यातला, माझा इथला, अमेरिकेतला. मग पुण्यात सगळे 'गाव कुठलं?' म्हणतात तेव्हा तू 'सासवड' का सांगतेस? आपण तर तिथं कधी राहिलोच नाही." मी 'उद्या सांगते' म्हणाले आणि दिवा मालवला. तोंडी सांगायला लागले की मी भरकटते, म्हणून लिहितेय. लिहितानाही भरकटेन, ते सोड.

आधी तो प्रश्न. आपल्याकडे 'गाव कुठलं' म्हणजे 'राहतेस कुठं' नव्हे. तुझं माणूस कुठल्या मातीतलं, कुठल्या नदीकाठचं, हे त्यांना हवं असतं. उत्तर मिळालं की विचारणारी बाई लगेच धागा शोधते: "सासवड? अगो, आमच्या आत्याच्या जावेचं माहेर तिथलंच!" पाच मिनिटांत तू तिची कोणीतरी लागतेस. कधीकधी मात्र गावामागून आडनाव विचारतात आणि आडनावामागून जात चाचपतात. ते मला आवडत नाही. मोठी झालीस की तुझ्याही लक्षात येईल, तेव्हा आत्ताच सांगून ठेवते. आणि हो, रीतीप्रमाणे गाव बापाकडून येतं. मी तुला माझ्या वडिलांचं देतेय. बाबांनी अजून तक्रार केलेली नाही.

आता सासवड. पुण्याहून हडपसर मागं टाकलं की दिवे घाट लागतो. घाट चढून वर आलं की हवाच बदलते, कोरडी होते. पाऊस पश्चिमेच्या डोंगरांवर ओतून मोकळा होतो, आपल्या पुरंदर तालुक्याच्या वाट्याला उरलासुरला येतो. गावाला कऱ्हा नदी आहे, तिला चांबळी येऊन मिळते, संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. पण वर्षातले कितीतरी महिने ही नदी चप्पल न भिजवता ओलांडता येते. आचार्य अत्रे या भागातले, १८९८ चा जन्म. त्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं 'कऱ्हेचे पाणी', आणि ते अनेक खंडांत लिहिलं. नदीला पाणी नाही, पण सांगायला इतकं! आमच्या घरी हा विनोद दर दिवाळीला होतो.

पण पाणी कमी म्हणूनच अंजीर आहे. फळ पिकताना पाऊस आला की ते फुटतं, म्हणून त्याला कोरडी हवा आणि मुरमाड, पाणी न साठणारी जमीन मानवते. वर्षात दोन बहार येतात, खट्टा आणि मीठा. उन्हाळ्यातल्या मीठ्या बहाराला गोडी जास्त. झाड चीक सोडतं, तो हाताला लागला की खाज सुटते. आजोबा सांगायचे, लहानपणी पहाटे कंदील घेऊन तोडणीला जायचं, उशीर झाला की पाखरं उरकून टाकतात. मग पाटीत अंजिराचीच पानं अंथरून त्यावर फळ अलगद मांडायचं, आणि पाटी त्याच दिवशी पुण्याच्या बाजारात गेली पाहिजे. एकदोन दिवसांत अंजीर बसतंच. इथल्या दुकानातलं सुकं अंजीर खाऊन तू नाक मुरडलंस ना, ते बरोबरच होतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आजोबांना तो कागद बघायला मिळाला नाही.

आजीची गोष्ट मात्र अंजिराची नाही, १९७२ च्या दुष्काळाची. विहिरी आटल्या, शेतं पडीक राहिली, आणि घरातल्या बायका सरकारी कामावर खडी फोडायला गेल्या. खायला सुकडी मिळायची आणि रेशनवर 'मिलो', म्हणजे लाल ज्वारी. ती जहाजांनी कुठून यायची सांगू? तू जन्मलीस त्या देशातून, अमेरिकेतून. इथं ती बहुतेक गुरांना घालतात. आजी म्हणायची, भाकरी थापायला गेलं की तुटायची, आणि पोरं रंग बघूनच रडायची. मागे हायवेवरून जाताना शेतातली ती लालसर कणसं बघून मी गाडी थांबवली होती, आठवतंय? तू विचारलंस काय झालं, आणि मी 'काही नाही' म्हणाले.

इतिहास तुला पुस्तकात मिळेल, म्हणून पटकन. शेजारच्या पुरंदर किल्ल्यावर १६५७ मध्ये संभाजीराजांचा जन्म झाला, १६६५ चा तह किल्ल्याच्याच नावानं ओळखला जातो, आणि भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये सासवडलाच वारले. गावाला खरा जिव्हाळा आहे तो सोपानदेवांचा. ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ, जेमतेम विशीचे असताना त्यांनी इथं समाधी घेतली. तरी अख्खं गाव त्यांना 'सोपानकाका' म्हणतं, पांढऱ्या मिशांचे आजोबासुद्धा! आषाढीच्या आधी माउलींची पालखी घाट चढून येते, दोन रात्री थांबते, आणि त्याच दिवसांत काकांचीही पालखी पंढरपूरला निघते. तेव्हा कुठल्याही घराचं दार लोटलेलं नसतं. ओट्यावर कोण झोपलंय हे कुणी विचारत नाही. नवल म्हणजे, त्या दोन दिवसांत 'गाव कुठलं' हा प्रश्नही कमीच ऐकू येतो.

सगळं असंच राहिलंय असं मात्र समजू नकोस. पुण्यानं वापरून सोडलेलं मुळा-मुठेचं पाणी आता पंपांनी उचलून पुरंदरच्या शेतांवर आणतात. आपण पुण्याला अंजीर पाठवतो, पुणं आपल्याला हे पाठवतं. शिवाय तालुक्यातल्या सात गावांच्या जमिनीवर विमानतळाचं घाटतंय, आणि तिथल्या अनेक शेतकऱ्यांनी त्याला विरोध केलाय. चुलतआजोबा फोनवर म्हणाले, "तुमचं विमान आता दारात उतरेल." हसत म्हणाले की कसे, मला कळलं नाही.

सुट्टीत जाऊ तेव्हा अंजीर संपलेलं असेल आणि सीताफळ यायचं असेल, तू चुकीच्या वेळी येणार आहेस. पण पालखी असेल. घाटात रथाला जादा बैल जोडतात, ते बघायचंय तुला. जुने बूट भर. दिवे घाट आपण चालत चढणार आहोत.

तुझी
आई