वाचकांचे प्रश्न : हेवी मेटल आणि सैतान

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या पत्राकामाच्या कारखान्यात माझी उमेद गेली. मुलगा दिवसभर ‘हेवी मेटल’ ऐकतो. हे संगीत सैतानपूजेतून निघाले, असे शेजारी सांगतात. यात तथ्य किती? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सैतानापेक्षा आपल्या कारखान्याशीच या संगीताचे नाते अधिक जवळचे आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा गिटारवादक टोनी आयोमी 1965 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका हाच होता. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून खालच्या स्वरात लावल्या. हेवी मेटलचा पाया घालणाऱ्या ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या वाद्यवृंदाचा तो जड, दबलेला आवाज पुष्कळसा यातून आला.

13 फेब्रुवारी 1970 रोजी, शुक्रवारी, त्यांची पहिली तबकडी निघाली. समीक्षकांनी ती झोडपली, श्रोत्यांनी मात्र उचलून धरली. वेष्टनाच्या आतला उलटा क्रूस, म्हणजे सैतानपूजेची समजली जाणारी खूण, ध्वनिमुद्रण कंपनीने वादकांना न विचारता छापला होता, आणि बदनामी चिकटली ती वादकांना! वास्तविक पहिल्याच गाण्यातला माणूस सैतानाला पाहून भेदरतो आणि देवाचा धावा करतो. शेजाऱ्यांची तक्रार आवाजाबद्दल असेल, तर ती मात्र रास्त म्हणावी लागेल.